फुलकिडे कॅलेंडर बघून येत नाहीत

परभणी जिल्ह्यात मिरची लावणाऱ्या शेतकऱ्याला सध्या चहूबाजूंनी एकच सल्ला ऐकायला मिळतो. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर तोच, शेजारच्या बांधावर तोच, मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओतही तोच. हवामानाचा आता भरवसा राहिला नाही, किडीला हंगाम राहिला नाही, तेव्हा लागवडीनंतर पंधराव्या दिवशी पहिला फवारा घ्या आणि तोडे संपेपर्यंत दर आठ दिवसांनी घेत राहा. त्याला जोडून आणखी एक वाक्य ठरलेलं असतं: किडी मोजत बसणं हे विद्यापीठातल्या पोरांचं काम, प्रबंधापुरतं, शेतकऱ्याला तेवढी उसंत कुठली?

या दोन्ही वाक्यांचा मला प्रतिवाद करायचा आहे. ती चुकीची आहेत एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहिला नसता. ज्या किडीपासून पीक वाचवायचं, तिचीच वाढ या सल्ल्याने होते. पैसा शेतकऱ्याचा जातो, पंप त्याच्या पाठीवर असतो आणि शेवटी मिरची हातची गेली की दोष त्याच्याच नशिबाला दिला जातो.

आधी ही कीड नीट बघायला हवी, कारण सल्ला देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती डोळ्यांनी पाहिलेली असते. मिरचीवरचे फुलकिडे म्हणजे मुख्यतः सायर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस ही जात. सकाळी दव ओसरल्यावर वाफ्यात शिरावं, शेंड्याची कोवळी डहाळी काळ्या पुठ्ठ्यावर धरावी आणि बोटाने दोन-तीन टिचक्या माराव्यात. पुठ्ठ्यावर थोडी धूळ पडते, एखादी वाळकी पाकळी पडते आणि त्यांच्यात काही फिकट पिवळ्या रेघा दिसतात, जेमतेम एक मिलिमीटरच्या. दम धरून बघत राहिलं की त्या रेघा चालू लागतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर प्रौढ किड्याच्या पंखांना केसांची झालर दिसते. पिल्लांना पंखच नसतात. हा किडा तोंडाने पानाची साल खरवडतो आणि बाहेर आलेला रस शोषतो. खरवडलेला भाग आधी चंदेरी, मग तपकिरी होतो आणि पानाच्या कडा वर वळून पानाची होडी होते. फळावर हाच ओरखडा खडबडीत तपकिरी डाग होऊन राहतो आणि बाजारात त्या मिरचीचा भाव पडतो.

आता आठ दिवसांच्या फवाऱ्याकडे या किड्याच्या जन्मक्रमातून बघू. मादी अंडी पानावर ठेवत नाही, पानाच्या पेशीत खुपसते. अंड्यातून निघालेलं पिल्लू दोन अवस्थांत पान खातं. त्यानंतर ते झाडावरून खाली उतरतं आणि कोषापूर्व व कोष अशा दोन अवस्था मातीत किंवा खोडाजवळच्या पालापाचोळ्यात काढतं. तिथे ते खात नाही, फारसं हलतही नाही. मग प्रौढ होऊन पुन्हा शेंड्यावर येतं. उबदार हवेत हा सगळा फेरा साधारण दोन ते तीन आठवड्यांत पुरा होतो. म्हणजे कोणत्याही एका दिवशी शेतातल्या फुलकिड्यांपैकी पानावर, औषधाच्या वाटेत, फक्त एक हिस्सा असतो. अंडी पानाच्या आत असतात आणि कोष मातीत. पाठीवरच्या पंपातून सुटलेलं औषध बहुतांशी पहिल्या हिश्श्यावरच पडतं. चार-सहा दिवसांनी अंडी उबतात, मातीतले प्रौढ वर येतात आणि शेतकरी म्हणतो, औषध लागू पडलं नाही. मग मात्रा वाढते. मग दोन औषधं एकत्र होतात. मग दुकानदार तिसरी बाटली पुढे सरकवतो.

या गोंधळात ज्यांची गणतीच होत नाही असे काही जीव मारले जातात. फुलकिड्यांवर जगणारे ओरियस जातीचे छोटे ढेकूण, शिकारी कोळी, ढालकिड्याच्या अळ्या, क्रायसोपाच्या अळ्या. हे मातीत दडून बसत नाहीत, शिकारीसाठी पानापानावर फिरत राहतात, म्हणून औषध त्यांना आधी गाठतं. त्यांची वाढही फुलकिड्यांइतकी झपाट्याने होत नाही. फुलकिड्यांच्या मादीला नर भेटला नाही तरी ती अंडी घालते. अशा अंड्यांतून नर निपजतात आणि वंश पुढे चालतो. चार महिन्यांच्या पिकात त्यांच्या सहा-सात पिढ्या होतात आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. औषधाच्या तडाख्यातून सावरायला किडीच्या या शत्रूकीटकांना लागतो त्याहून कितीतरी कमी वेळ किडीला लागतो. आठवड्याचा फवारा हा फरक दर आठवड्याला वाढवत नेतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांच्या वारंवार वापरानंतर रसशोषक किडी आणि कोळी उलट उसळून येतात, हे तर कीटकशास्त्रात कधीच सिद्ध झालं आहे.

इथे सल्लागार म्हणतील, आम्ही औषध बदलून बदलून देतो. बदलतं ते बहुतेक वेळा बाटलीवरचं नाव. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि ॲसिटामिप्रिड ही तीन वेगळी नावं असली तरी तिन्ही निओनिकोटिनॉइड या एकाच गटातली आहेत आणि किडीच्या मज्जासंस्थेवर एकाच जागी घाव घालतात. एका औषधाला सरावलेली कीड दुसऱ्यालाही सरावलेली निघण्याची शक्यता दांडगी. शेतकऱ्याला वाटतं तीन शस्त्रं वापरली. प्रत्यक्षात एकच शस्त्र तीनदा बोथट केलेलं असतं.

आता हवामानाचा मुद्दा. हवामान लहरी झालं हे खरंच आहे. ऑगस्ट 2023 हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि मराठवाड्यात पावसाने दिलेला खंड ज्यांनी सोसला ते तो विसरणार नाहीत. पुढच्याच वर्षी 1 आणि 2 सप्टेंबर 2024 ला परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात अतिवृष्टी झाली आणि उभी पिकं पाण्याखाली गेली. पण यावरून आठवड्याच्या फवाऱ्याचं समर्थन निघतं कसं? मला तर यातून नेमकं उलटं दिसतं. फुलकिड्यांना कोरडी उबदार हवा मानवते आणि जोराचा पाऊस त्यांना मारतो. देशभरात मिरचीवर झालेल्या हंगामी अभ्यासांतून बहुतेक ठिकाणी हेच चित्र पुढे आलं आहे. पावसाचे थेंब पिल्लांना शेंड्यावरून झोडून खाली पाडतात आणि भिजून घट्ट झालेल्या काळ्या मातीत कोषांचा टिकाव लागत नाही. मग पंधरा दिवसांच्या उघडिपीतला ऑगस्ट आणि झडीतला सप्टेंबर या दोन्ही काळांत एकाच तारखेला एकच फवारा बरोबर कसा असेल? हवामान ठरल्याप्रमाणे वागत होतं तेव्हा ठरल्या तारखेचा फवारा निदान समजण्यासारखा तरी होता. ते तसं वागत नाही म्हणूनच शेतात जाऊन मोजण्याला पर्याय उरलेला नाही.

पावसाळ्याच्या मिरचीत परभणीकडे नेहमी दिसणारा क्रम असा. जून-जुलैत लागण होते. पाऊस लागून असेपर्यंत फुलकिडे दबलेले असतात; मध्ये उघडीप पडली की संख्या वर सरकते. परतीचा पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन तापलं की ती झपाट्याने चढते, कारण तेव्हा ऊन, कोरडी हवा, फुलोरा आणि कोवळी फूट सगळं एकत्र आलेलं असतं. थंडी वाढली, किमान तापमान दहा अंशांच्या खाली जाऊ लागलं की किड्याचा फेरा लांबतो आणि चढण मंदावते. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेली उन्हाळी मिरची मात्र पहिल्या पानापासून किडीच्या सोयीच्या हवेत असते आणि रोपावस्थेतच मार खाते. हा ढोबळ नकाशा आहे. एखाद्या वर्षी तो पंधरा दिवस पुढे सरकेल, एखाद्या वर्षी मागे, एखाद्या गावात एक शिखर दिसेल तर दुसऱ्यात दोन. तरीही त्याला आकार आहे. किडीला हंगाम राहिला नाही असं म्हणणाऱ्याने एका हंगामाचे आठवड्यागणिक आकडे तरी पुढे ठेवावेत. ते नसतील तर त्याचं म्हणणं अनुभवातून आलेलं नाही, विक्रीच्या सोयीतून आलेलं आहे, असंच मी समजेन.

मग मोजलं कोणी? तर ज्यांची ‘प्रबंधापुरतं काम’ म्हणून बोळवण केली जाते त्यांनी. परभणीचं कृषी विद्यापीठ 18 मे 1972 ला स्थापन झालं; 2013 पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखलं जातं. अशा विद्यापीठांतल्या कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पद्धत कष्टाची असते. औषध न मारलेला एक तुकडा राखायचा. त्यातली काही झाडं कोणताही कल न ठेवता निवडायची. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं उलटून किडे मोजायचे. दर आठवड्याला, पाऊस असो की ऊन, एकाच वेळी. वर्षाचे 52 हवामान आठवडे मानलेले असतात. 30 वा आठवडा 23 जुलैला सुरू होतो, 40 वा 1 ऑक्टोबरला. प्रत्येक आठवड्याच्या आकड्यासमोर हवामान केंद्रातलं कमाल-किमान तापमान, सकाळ-दुपारची आर्द्रता, पाऊस, सूर्यप्रकाशाचे तास लिहायचे. चिखलात वाकून पानं उलटणाऱ्या या पोरांनी जे केलं आहे ते मिरचीच्या व्यवहारात कोट्यवधी कमावणाऱ्या कुणीही केलेलं नाही. त्यांच्या कामाला वेळकाढूपणा म्हणणं हा अन्याय आहे आणि तो मला सहन होत नाही.

पण त्या कामाच्या बाजूने बोलताना त्यातल्या कच्च्या जागा झाकणंही बरोबर नाही, कारण त्यांच्याच आडून विरोधकांना बोलायला फावतं. अशा बहुतेक अभ्यासांचा शेवट सहसंबंधाच्या एका तक्त्याने होतो: कमाल तापमानाशी धन, पावसाशी ऋण, आर्द्रतेशी ऋण. सोळा आठवड्यांच्या नोंदी असतील तर सहसंबंधाचा आकडा 0.497 च्या पुढे गेला की तो पाच टक्के पातळीवर अर्थपूर्ण धरतात. हवामानाचे सहा-सात घटक एकामागून एक तपासले तर त्यातला एखादा निव्वळ योगायोगानेही ही रेघ ओलांडू शकतो. शिवाय या आठवड्याचा आकडा मागच्या आठवड्याच्या आकड्यातूनच उगवलेला असतो, त्यामुळे सोळा नोंदी म्हणजे सोळा स्वतंत्र साक्षी नव्हेत.

याहून मोठी अडचण वेळेची आहे. आज पानावर दिसणारा प्रौढ किडा दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या अंड्यातून आलेला असतो. त्याची संख्या आजच्या तापमानाशी जोडून काय कळणार? ती मागच्या पंधरवड्यातल्या पावसाशी आणि उन्हाशी जोडून बघायला हवी. आणि तिसरी गोष्ट: जुलैत लावलेलं पीक ऑक्टोबरात फुलोऱ्यात येतं, तेव्हाच पाऊस थांबतो आणि तेव्हाच ऊन तापतं. मग किडे वाढले ते उन्हामुळे, पाऊस थांबल्यामुळे की झाड फुलावर आल्यामुळे? एकाच तारखेच्या लागवडीवरून हे कधीच वेगळं काढता येणार नाही. त्यासाठी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने चार लागवडी कराव्या लागतात, म्हणजे एकाच हवेत वेगवेगळ्या वयाची झाडं मिळतात. शेजारच्या रानात काय आहे याचाही हिशेब त्या तक्त्यात येत नाही. परभणीत मिरचीचं रान बहुधा कापूस आणि सोयाबीनच्या समुद्रात एखाद्या बेटासारखं असतं. हा किडा कापूस, भुईमूग, एरंडी, डाळिंब, आंबा अशा कितीतरी झाडांवर जगतो. शेजाऱ्याने कापसावर काय मारलं आणि कधी मारलं याचा माझ्या मिरचीवर परिणाम होतो, पण हवामान केंद्राच्या नोंदवहीत ते कुठेच दिसत नाही.

या उणिवांवरून ‘तर मग मोजणंच व्यर्थ’ असा निष्कर्ष काढणारे लोक तर्काची उडी मारतात. उणीव मोजण्याच्या जागांत आणि आकडे जोडण्याच्या रीतीत आहे. एका ठिकाणच्या सोळा नोंदींऐवजी नऊ तालुक्यांतल्या नोंदी मिळाल्या, एका वर्षाऐवजी दहा वर्षांच्या मिळाल्या, तर याच तक्त्यातून शेतकऱ्याच्या हाती देता येईल असा अंदाज निघतो. महाराष्ट्राला हे नवं नाही. 2008 मध्ये सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला आणि त्यानंतर 2009-10 पासून राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेतात ठरलेल्या दिवशी मोजायचं, आकडा वर पाठवायचा, त्यावरून त्या भागाला सल्ला द्यायचा, ही घडी त्यातून बसली. कापसात फुलकिड्यांची संख्या पानामागे 10 च्या पुढे गेल्याशिवाय फवारू नका, हे वाक्य आज मराठवाड्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. हा आकडा मिरचीला जसाच्या तसा लावता येत नाही; मिरचीचा कोवळा शेंडा त्याहून बऱ्याच कमी किड्यांनीही वळतो. पण कापसाचा शेतकरी पान उलटून मोजू शकतो आणि मिरचीचा मोजू शकत नाही, हे कसं? बहुतेक वेळा तो एकच माणूस असतो.

न मोजता फवारण्याचा सर्वांत घातक परिणाम निदानात दिसतो. झाड आकसलं, पानं गोळा झाली की गावात एकच निदान होतं: बोकड्या आला. आणि बोकड्या म्हणजे फुलकिडे, फुलकिडे म्हणजे फवारा. पण पानं तीन वेगळ्या कारणांनी वळतात आणि तिन्हींची वळणं वेगळी असतात. फुलकिड्यांनी पानाच्या कडा वर वळतात. पिवळ्या कोळ्याने त्या खाली वळतात, पान अरुंद आणि गडद होतं, देठ लांबतो. हा कोळी इतका बारीक की भिंगाशिवाय दिसतच नाही. आणि पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूने पानं लहान राहतात, शिरा जाड होतात, पेरं आखडतात आणि झाड खुजं होऊन झुडपासारखं दिसतं. कोळी हा कीटकच नव्हे. कीटकांसाठीची कित्येक औषधं त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्याचे शत्रू मारून त्याला रान मोकळं करून देतात. विषाणू एकदा झाडात शिरला की कोणतंही औषध त्याला बाहेर काढत नाही. ते झाड उपटून रानाबाहेर न्यावं लागतं आणि बंदोबस्त रोपवाटिकेपासून, बारीक जाळीच्या आत रोपं वाढवून, करावा लागतो. पान कोणत्या बाजूला वळलं आहे हे न बघता दिलेला फवारा तीनपैकी दोन वेळा वाया जाऊ शकतो.

यापुढचा धोका आणखी मोठा आहे. 2015 मध्ये बंगळुरूला पपईवर थ्रिप्स पार्व्हिस्पायनस ही आग्नेय आशियातली जात भारतात प्रथम नोंदवली गेली. पाच-सहा वर्षं तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 2021 च्या हंगामात आंध्र प्रदेशातल्या गुंटूर आणि तेलंगणातल्या खम्मम पट्ट्यात तिने मिरचीची फुलंच्या फुलं गाठली. ही जात कोवळ्या पानाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, फुलात राहते. मादी गडद तपकिरी-काळपट, म्हणून शेतकरी तिला काळे फुलकिडे म्हणतात. फुलं झडली, फळ धरलं नाही, कित्येकांनी उभं पीक मोडलं. त्या काळात तिथे फवारे कमी पडले होते असं कुणी म्हणणार नाही. देशात सर्वांत जास्त औषध खाणाऱ्या मिरचीच्या पट्ट्यांपैकी तो एक. जुन्या सवयीने पानांवर नजर ठेवून मारलेल्या औषधाला फुलाच्या पाकळ्यांत दडलेला किडा सापडला नाही आणि त्याला रोखू शकणारे शत्रूकीटक आधीच मारले गेले होते.

तेलंगणाची हद्द परभणीपासून फार लांब नाही. मध्ये फक्त नांदेड जिल्हा आहे आणि तिथलं धर्माबाद लाल मिरचीच्या व्यापारासाठी जुनं नावाजलेलं. माल, रोपं, पोती यांची ये-जा सुरूच असते. म्हणून पुठ्ठ्याची दुसरी बाजू पांढरी ठेवा आणि तिच्यावर उमललेली फुलं झटका. काळ्या बाजूवर पिवळे किडे दिसतात, पांढऱ्या बाजूवर काळे. कोणत्या बाजूवर किती दिसले हे ज्या शेतकऱ्याला माहीत आहे तो वेळेत सावध होईल. ज्याला फक्त आठवड्याचा वार माहीत आहे त्याला गुंटूरसारखंच उशिरा कळेल.

‘वेळ कुठे आहे?’ या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतच देतो. 140 दिवसांच्या पिकात पंधराव्या दिवसापासून दर आठ दिवसांनी फवारायचं म्हणजे सोळा फवारे. एकरी दहा पंप धरले तर 160 पंप एका माणसाच्या पाठीवरून जातात. त्याउलट दहा झाडांची तीन-तीन पानं म्हणजे तीस पानं उलटायला, शेंडे पुठ्ठ्यावर झटकायला आणि वहीत ओळभर लिहायला अर्धा तास पुरतो. आठवड्याला अर्धा तास नाही आणि दहा पंप भरायला अर्धा दिवस आहे, हे म्हणणं मला पटत नाही. त्या 160 पंपांतलं विष कुणाच्या नाकातोंडात जातं हेही विसरता येत नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तिथेही ‘फवारत राहा’ हाच सल्ला होता.

आणि खाणाऱ्याचं काय? हिरव्या मिरचीचा तोडा आठ-दहा दिवसांनी होतो. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांच्यातलं किमान अंतर लिहिलेलं असतं. फवारा आठ दिवसांनी आणि तोडाही आठ दिवसांनी असेल तर ते अंतर पाळलं जाण्याला जागाच उरत नाही, विशेषतः दोन-तीन औषधं मिसळलेली असतील तेव्हा. 2014 मध्ये सौदी अरेबियाने औषधांच्या अवशेषांचं कारण देऊन भारतातल्या हिरव्या मिरचीची आयात थांबवली होती. परदेशी ग्राहकाने नाकारलेला माल आपल्याच मोंढ्यात आणि आपल्याच ठेच्यात येतो. परभणीच्या लेकरांनी तो का खावा, याचं उत्तर आठवड्याच्या फवाऱ्याचं समर्थन करणाऱ्यांनी द्यायला हवं.

दुसऱ्या टोकाला एक मत आहे, त्याचाही दोन शब्दांत समाचार घेतो. फवारणी बंदच करा, निसर्ग आपला तोल आपण सांभाळतो, असं काही मंडळी सांगतात. वर्षानुवर्षं औषध पचवलेल्या रानात शत्रूकीटक एका हंगामात परत येत नाहीत आणि उन्हाळी मिरचीचं रोप तोवर थांबत नाही. संख्या चढताना दिसली, पुठ्ठ्यावर पिल्लं जास्त आणि शिकारी कीटक कमी दिसले, पुढच्या चार-सहा दिवसांत पावसाचं चिन्ह नाही, तर औषध मारावंच लागतं. मिरचीवर फुलकिड्यांसाठी नोंदणी असलेलं, ठरलेल्या मात्रेत, एका वेळी एकच, आणि पुढच्या वेळी वेगळ्या गटातलं. त्याआधी पाच टक्के निंबोळी अर्क, निळे-पिवळे चिकट सापळे, चंदेरी आच्छादन, कडेने मक्याच्या दोन ओळी आणि युरियावर लगाम, हे सगळं आहेच. युरिया जास्त झाला की फूट लुसलुशीत येते आणि फुलकिड्यांना तीच हवी असते. माझा विरोध औषधाला नाही. कारण न बघता मारलेल्या औषधाला आहे.

म्हणून मागणं नेमकं आहे आणि ते विद्यापीठाला व कृषी विभागाला उद्देशून आहे. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या नऊही तालुक्यांत मिरचीची निदान एकेक न फवारलेली पट्टी राखा. त्या पट्टीचं नुकसान शेतकऱ्याला भरून द्या. तिथे दर आठवड्याला पानं आणि फुलं दोन्ही मोजा. पिवळे किती, काळे किती, कोळी किती, शत्रूकीटक किती, हे वेगवेगळं लिहा. विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतोच. त्यात ‘रसशोषक किडींसाठी फवारणी करावी’ या वाक्याच्या आधी त्या आठवड्याचा तालुक्याचा आकडा छापा. आकडा कमी असेल तर ‘या आठवड्यात फवारू नका’ असं स्पष्ट लिहायला कचरू नका. विद्यापीठाच्या 18 मेच्या खरीप मेळाव्यात बियाण्याच्या पिशव्यांशेजारी मागच्या हंगामाचा फुलकिड्यांचा आलेख लावा आणि ज्या विद्यार्थ्याने तो मोजला त्यालाच तो शेतकऱ्यांपुढे समजावून सांगू द्या.

आणि मिरची लावणाऱ्या माझ्या बांधवांनो, पुढचा फवारा घेण्याआधी एकदा पुठ्ठा घेऊन वाफ्यात जा. दहा झाडं झटका, आकडा लिहा, तारीख टाका. दुकानात गेलात की तो आकडा आधी सांगा आणि मगच औषध मागा. पान कोणत्या बाजूला वळलंय, किडे किती आणि कोणते, हे न विचारता जो बाटली हातात देईल त्याच्याकडून ती घेऊ नका.